कपाटाच्या दोन किल्ल्या

संस्था काढणे सोपे आहे. तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची हे ठरविणे अवघड. वारणानगरात राहून असे बोलणे तसे धाडसाचेच. तात्यासाहेब कोरे यांनी येथे सहकारी साखर कारखाना उभा केला. मागोमाग दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजे आली, मुलांचा वाद्यवृंदसुद्धा निघाला. अशा गावात आमची संस्था म्हणजे वडाशेजारची तुळस. विश्वस्त सात, कपाट एक आणि कामही एकच : ऊसतोडीसाठी बीडकडून येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना संध्याकाळी कोप्यांवर जाऊन दोन तास शिकविणे. मी तिचा चिटणीस. निवृत्तीनंतर 'काहीतरी सामाजिक' करावे असे ज्यांच्या मनात असते, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली पैशाची. पैसे ठेवणारा, खर्च मंजूर करणारा आणि हिशेब तपासणारा हे तीन निरनिराळे इसम असावेत. यात अविश्वास मुळीच नाही. उलट उद्या कोणी बोट दाखविले, तर खजिनदाराची अब्रू वाचविणारी ही सोय आहे. चेकवर दोघांच्या सह्या, पावतीपुस्तकाला छापील क्रमांक आणि प्रत्येक सभेत पासबुक मोठ्याने वाचायचे. वह्यांसाठी आलेले पैसे वह्यांनाच. चहा ज्याने त्याने घरून पिऊन यावे.

दुसरी कागदाची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला निदान सात माणसे लागतात. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते. नोंदणीच्या दिवशी पेढे वाटणारे पुष्कळ. पण एखादा विश्वस्त वारला, कोणी राजीनामा दिला, नवा आला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मग दहा वर्षांनी कागदोपत्री संस्था चालवीत असतात ती स्वर्गवासी मंडळी! संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची आगाऊ परवानगी हवी, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरी गोष्ट सभेची, आणि खरी मेख तेथेच आहे. लहान संस्था चोरीने मरत नाहीत, त्या मतदानाने मरतात. सातांत चार विरुद्ध तीन असा ठराव झाला, की त्या तिघांना पुढच्या सभेच्या दिवशी हटकून लग्नकार्य निघते.

यावर एक तोड मला क्वेकर पंथाच्या रीतीत सापडली. हा इंग्लंडात सतराव्या शतकात निघालेला, शांततावादी ख्रिस्ती पंथ. आपल्याकडे सेवाग्रामला नई तालीमच्या कामात वर्षानुवर्षे राबलेल्या मार्जोरी साइक्स याच पंथाच्या. यांच्या सभेत मतदान नसते. प्रथम सगळे काही वेळ स्तब्ध बसतात. मग एकेकाने बोलायचे. चर्चेचा कल पाहून चिटणीस तेथेच टिपण लिहितो, वाचून दाखवितो आणि सर्वांना पटले तरच ते कायम होते. नाही पटले तर विषय पुढच्या सभेवर. मात्र एकाचा विरोध म्हणजे कामाला कायमची खीळ, असा याचा अर्थ नाही. 'मला पटत नाही, पण तुमची वाट अडवीत नाही,' असे म्हणून बाजूला होण्याची मुभा प्रत्येकाला असते.

या रीतीची कसोटी आमच्याकडे लवकरच लागली. मुंबईच्या एका सज्जनांनी वडिलांच्या नावे इमारत बांधण्यासाठी पाच लाख रुपये देऊ केले. सहाजण हरखले. सातव्या बाई, निवृत्त शिक्षिका. त्या एवढेच म्हणाल्या, "पोरं फडाच्या कडेला राहतात. अंधारातनं तीन मैल चालून इमारतीत कोण येणार? आणि हंगाम संपला की कुलूप!"

मत घेतले असते तर सहा विरुद्ध एक. आम्ही विषय महिनाभर तहकूब ठेवला. त्या महिन्यात प्रत्येकजण कोप्यांवर जाऊन आला. पुढच्या सभेत टिपण लिहायला मला पाच मिनिटे पुरली : ही देणगी शिकविणाऱ्यांच्या मानधनासाठी आणि कंदिलांसाठी द्यावी, अशी दात्यांना विनंती करावी. दात्यांना पाटी हवी होती. त्यांनी नम्रपणे नकार कळविला.

तो हंगाम फार ओढाताणीचा गेला. दोन कोप्यांवरचे वर्ग बंद ठेवावे लागले, आणि त्या मुलांची तोंडे डोळ्यांपुढून हलत नाहीत. आमचे बरोबर होते की चूक, यावर आजही सभेत बोलणे निघते. पण निघते ते सातही जणांत, आणि बाई त्या वेळी मान खाली घालून बसत नाहीत. पाच लाखांची इमारत मिळून एक माणूस तुटला असता, तर बंद दाराआड खुर्च्या तेवढ्या राहिल्या असत्या.

चौथी गोष्ट लहानशी. कोणीही एका पदावर तीन वर्षांहून अधिक राहू नये आणि पहिल्या वर्षापासूनच आपल्यामागचा माणूस तयार करावा. म्हणून आमच्या कपाटाला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, दुसरी कोडोलीच्या एका तरुण शिक्षिकेकडे. पुढल्या वर्षी चिटणिसाची वही तिच्याकडे जाईल. दिवाळी झाली की फडांवर पुन्हा कोयते येतील. यंदा ते दोन बंद वर्ग उघडायचे, हे टिपण तिनेच लिहिले आहे. एकाही शब्दाला कोणाची हरकत आली नाही.