शंभर चिंचोके

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. वडील गिरणीत होते, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत काही जणांचा पगार कुठे जिरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे बदामसात आणि झब्बू यांपलीकडे माझे पत्त्यांचे शिक्षण गेले नाही. शाळेचे मॅट्रिकपलीकडे गेले नाही, तसेच. सूट मिळे ती एका पाडव्याला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले आणि पार्वती जिंकली, ही कथा आई दरवर्षी सांगे. वडील दरवर्षी ती न ऐकल्यासारखे करीत.

गेल्या पाडव्याला आम्ही सारे अण्णांच्या घरी जमलो होतो. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. पुढे घर, मागे यंत्रमाग. दिवाळीपुरते माग बंद होते, आणि त्या घरातली शांतता एखाद्या अवघडलेल्या पाहुण्यासारखी वाटत होती. भाऊबिजेसाठी बहीण, मेव्हणे आणि पुण्याला नोकरीला असलेला भाचा आदल्या दिवशीच आले होते. भाच्याने जेवणे आटोपताच पत्त्यांचा कॅट काढला.

"मामा, आज पोकर. स्पर्धेचं."

"पैसे लावायचे नाहीत," मी मास्तरकी केली.

"पैशांचं नाव कशाला? फोनवरचा पैशांचा खेळ २०२५च्या कायद्यानं बंद झालाच आहे."

मग आईच्या बरणीतले चिंचोके निघाले. सोलापुरात चिंचोक्याला मान आहे. त्याच्या पिठाची खळ सुताला लावतात. सहा जण बसलो, प्रत्येकी ऐंशी चिंचोके. वहिनींनी बक्षिसे मांडली: पहिले चादर, दुसरे अण्णांच्याच मागावरचा टॉवेल, तिसरे शेंगाचटणीची पुडी. चौथ्याला काही नाही.

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन झाकली पाने. मग मधे सर्वांची मिळून पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि सातांतली उत्तम पाच ज्याची त्याचा डाव. दर टप्प्याला चिंचोके लावायचे, वाढवायचे, नाहीतर पाने टाकायची. मनात आले तर आपल्यापुढचे सगळेच्या सगळे एकदम पुढे सारता येतात. एरवीच्या जुगारात हरलेला माणूस पुन्हा खिशात हात घालतो. स्पर्धेत चिंचोके संपले की उठायचे. याच खेळाची मोठी स्पर्धा लास वेगासला १९७० पासून भरते, आणि २००३ साली ती मनीमेकर अशा खऱ्याखुऱ्या आडनावाच्या एका हिशेबनिसाने जिंकली. हे भाच्याने सांगितले तेव्हा मेव्हण्यांनी उगाच बाह्या सावरल्या.

प्रत्यक्षात उठले ते आधी आमच्या सौ. आणि मग खुद्द गुरुमहाराज, म्हणजे भाचा. तो पाने वाटायला बसला. चौघे उरलो: अण्णांची मुलगी एकशे ऐंशीवर, मी दीडशेवर, अण्णा एकशे तीसवर, आणि मेव्हणे वीस चिंचोके पुन्हा पुन्हा मोजीत.

त्या डावाला मेव्हण्यांनी नियमाचे पाच लावले, पुतणीने दहा. मी पाने उचलली: इस्पिकची राणी आणि चौकटची राणी. मी तीस लावले. अण्णांनी आपली पाने एकदाच पाहिली, पालथी ठेवली, आणि दोन्ही हातांनी एकशे तीसच्या एकशे तीस चिंचोके पुढे सारले. मेव्हण्यांनी पाने टाकली, पुतणीने टाकली. आता बोलायचे मी. आणखी शंभर टाकून पाहायचे, की तीसांवर पाणी सोडायचे?

त्या रात्री भाच्याने याचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. पटावर एकशे पंचाहत्तर होते. त्यांत माझे शंभर मिळाले की पावणेतीनशे. म्हणजे शंभरांत छत्तीस-सदतीस वेळा जिंकलो तरी तोटा नाही. अण्णा काही रात्रभर उड्या मारणारे गडी नव्हेत. दोन तासांत त्यांनी दोन डाव खेळले होते. तेव्हा त्यांच्याकडे एक्क्यांची जोड, राजांची जोड, नाहीतर एक्का-राजा. चार एक्क्यांतून दोन घ्यायच्या रीती सहा, राजांच्याही सहा. एक्का-राजा मात्र सोळा प्रकारे येतात. मोठ्या जोडीपुढे माझ्या राण्या पाचांत एकदा तरतात, एक्का-राजापुढे निम्म्याहून किंचित अधिक. सरासरी काढली तर शंभरांत चाळीस. म्हणजे पाहावे!

पण त्याच कागदाच्या पाठीवर दुसरा हिशेब होता. मेव्हण्यांपुढे उरले होते पंधरा. मी नुसता गप्प बसलो तरी ते आधी उठणार आणि माझे बक्षीस पक्के. हरलो तर मी वीसांवर येणार. चिंचोके दुप्पट झाले म्हणून चादर काही दुप्पट होत नाही. शिवाय, पुढे सारणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात: समोरचा पळाला तर, किंवा पाने लागली तर. पाहणाऱ्याला एकच. म्हणून पाहायला सारण्यापेक्षा चांगली पाने लागतात.

त्या घटकेला यातले निम्मेही मला सुचत नव्हते. अण्णा माझ्याकडे पाहत होते. ती नजर मला ओळखीची वाटली; पण नजर ओळखीची वाटण्यावर कादंबरी लिहावी, चिंचोके लावू नयेत.

गिरणी बंद पडली तेव्हा अण्णा तिशीच्या आत होते. हाती आले तेवढ्यात त्यांनी दोन जुने माग घेतले, दोनाचे चार केले. माझी लग्नापर्यंतची सगळी वर्षे त्या मागांवर निघाली. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. जुने माग मोडीत काढून धोट्याविना चालणारे नवे घ्यायचे होते. कर्जाला जामीन म्हणून माझी सही हवी होती. मी दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मी कागदावर आकडे मांडीत होतो: माझा पगार, हप्ता, सुताचा भाव, मुलाची फी. आकडे बरोबर होते. तिसऱ्या दिवशी मी नाही म्हणालो. अण्णा म्हणाले, "बरं. चहा टाकायला सांग." पुढे त्यांनी चारांतले दोन माग विकले. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. नव्या मागांवर लोक वर आलेले मी सोलापुरात पाहिले आहेत, आणि बुडालेलेही.

"मास्तर, पेपर सुटायची वेळ झाली," मेव्हणे म्हणाले.

मी राण्या पालथ्या सरकवल्या.

पुतणी हळहळली. अण्णांनी ढीग ओढून घेतला आणि आपली दोन पाने न उघडता भाच्याच्या कॅटमध्ये खुपसली.

"काय होतं अण्णा?"

"ते पाहायचे शंभर होते," ते म्हणाले.

दोन डावांत मेव्हणे उठले, पाठोपाठ मी. चटणी मिळाली. चादर पुतणीने नेली आणि अण्णांना त्यांचाच टॉवेल मिळाला, त्यावर घर पोट धरून हसले.

सगळे झोपल्यावर मी पाण्याला उठलो, तो अण्णा दिव्याखाली बसून चिंचोके बरणीत मोजून टाकीत होते. मी शेजारी बसलो.

"अण्णा, तेव्हा ते मागांचं..."

"चारशे ऐंशी पाहिजेत ना?" अण्णा म्हणाले. "तीन कमी भरतात. बघ रे जरा, चटईखाली गेले असतील."

मी चटई उचलली.