तारेचे दुसरे टोक

दूरध्वनीसाठी आजोबांनी अर्ज करावा आणि पहिली घंटी नातवाने ऐकावी, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. 1885 च्या तार कायद्याने हा व्यवसाय चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारच्या स्वाधीन केला होता. (मुंबईत 1882 मध्ये दूरध्वनी आणला तो मात्र खासगी कंपनीनेच, ही गंमतच म्हणावयाची.) मुंबई व दिल्लीला 1986 मध्ये महानगर टेलिफोन निगम मिळाले, पुणे दूरसंचार खात्याच्याच पदरी राहिले.

रामवाडीच्या सेमिनरीत शिकत असताना रात्री अकरानंतर, दर उतरल्यावर, एस.टी.डी. बूथसमोर रांगेत उभे राहणे हा आमचा नित्यक्रम होता. घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवावयाचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन करावयाचा. तोवर अर्ध्या झोपेतली आई धापा टाकत तेथे पोहोचलेली असे.

1994 च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. महाराष्ट्र व गोव्याचा परवाना 1997 मध्ये ह्यूजेस इस्पातला मिळाला. परंतु या स्पर्धेतील खरी मेख परवान्यात नव्हती. नव्या कंपनीचे ग्राहक मूठभर. त्यांनी केवळ परस्परांशीच किती बोलावे? ज्याला बोलावयाचे, ती आई, तो व्यापारी, तो डॉक्टर, सारे जुन्या खात्याच्या तारेवर. म्हणजे ज्याची मक्तेदारी मोडावयाची, त्याच्याच एक्स्चेंजमधून वाट मागावयाची! प्रतिस्पर्ध्याने दार उघडावे म्हणून कायद्याला मध्ये पडावे लागले. 1997 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले, त्याच्या कामाचा मोठा भाग याच भांडणांचा होता.

मक्तेदारी गेल्याचे मला यत्किंचितही दुःख नाही. प्रतीक्षा यादी सरली, खात्याच्या खिडकीवरची भाषाही थोडी मवाळ झाली. तथापि खासगी परवान्यांत खेडोपाडी सार्वजनिक दूरध्वनी देण्याची अट होती, ती बहुतेक कंपन्यांनी अर्धवटच पाळली. कारण उघड आहे: शहरातील एका इमारतीत शंभर जोडण्या मिळतात, वाडीवर एका जोडणीसाठी मैलभर तार ओढावी लागते. ते ओझे 2000 मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमच्या खांद्यावर राहिले.

आव्हान देणारेही टिकले नाहीत. ह्यूजेसचा कारभार 2002 मध्ये टाटांकडे गेला; टाटांची मोबाइल सेवा 2019 मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाली. अनेकांच्या गर्दीतून आता तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि निगम उरले आहेत.

गेल्या पावसाळ्यात मुळशीकडच्या एका वस्तीवर आजारी माणसासाठी गाडी बोलवावयाची होती. आम्हां चौघांच्या खिशांत वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल होते. कोणता कोठे लागतो, हे गुरे राखणाऱ्या पोराला ठाऊक होते. त्याने वरच्या टेपाडाकडे बोट दाखविले आणि आमच्यातल्या एकाचा फोन मागून घेऊन तो चिखलातून वर धावत गेला.