खिडकी कुणाची?

दिवाळीच्या साफसफाईत घरातील सारी मंडळी एकदिलाने कामाला लागतात. फाटाफूट होते ती पडद्यांवरून. भिंतीचा रंग एकदा ठरला की ठरला. पडद्याचे तसे नाही. सौभाग्यवतींना तो सोफ्याशी जुळणारा हवा असतो, चिरंजीवांना गडद हवा असतो, आणि मला धुवायला सोपा. कारण तो काढायला स्टुलावर मीच चढतो. साऱ्या घराला एकच ठाण घेऊन टाकावे, म्हणजे शिंपीही सुटला आणि आपणही, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र वाटते, दुकान गाठण्यापूर्वी माणसाने एकेका खिडकीपुढे घटकाभर उभे राहावे आणि तिला विचारावे, 'बाई, तुला अडवायचे आहे तरी कोणाला?'

आमच्या गडचांदुरात या प्रश्नाची दोन उत्तरे आधीच ठरलेली: ऊन आणि धूळ. मे महिन्यात चंद्रपूरकडचा पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. धुळीचे म्हणाल, तर या भागाच्या पोटात चुनखडी आहे, म्हणून भोवताली सिमेंटचे कारखाने आहेत. आणि कारखाने आहेत म्हणून पांढरा पडदा पाहता पाहता करडा होतो. गावातल्या कितीतरी चुली त्याच कारखान्यांवर पेटतात, तेव्हा धुळीला नावे ठेवायची तीही बेतानेच. पण इथे जाड मखमल आणि झालरी म्हणजे धुळीला घातलेली गादी, हे खरे. बैठकीत आम्ही पातळ सुती कापड लावले आहे. सांजेला काढावे, खळखळून धुवावे, सकाळी पुन्हा चढवावे.

स्वयंपाकघराच्या खिडकीला तर कापडच नको. गॅसची ज्योत आणि वाऱ्यावर उडणारा पडदा यांची गाठ पडू देऊ नये. फोडणीचा धूर बाहेर जावा आणि शेजारणीची हाक आत यावी, एवढेच तिचे काम.

चिरंजीवांची गोष्ट निराळी. त्यांची नोकरी पाळीची. रातपाळी करून येणाऱ्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. त्यांना दुहेरी अस्तराचा, भिंतीला टेकून दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त असलेला पडदा हवा. कारण उजेड कापडातून येतो त्याहून अधिक कडेच्या फटीतून येतो.

उन्हाचा हिशेबही दिशेप्रमाणे वेगळा असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य आमच्या अगदी माथ्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा हातभर छज्जा पुरतो. खरी वैरीण पश्चिमेची खिडकी. तिन्हीसांजेपर्यंत ऊन आडवे होऊन सरळ खाटेवर येते.

आणि नेमकी तीच खिडकी माझ्या आईची.

आईचे गुडघे धरले आहेत. बाहेरचे जग तिला त्या खिडकीतूनच भेटते. शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया, पाळी सुटल्यावर घरी परतणारी माणसे. उष्माघाताच्या धास्तीने आम्ही जाड पडद्याचा विषय काढला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ऊन येते तं येऊ दे. मानसं तं दिसतात."

तोड काढली ती बाजारात सुपे-टोपल्या घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बुरुडाने. बांबूच्या बारीक कामट्यांची चिक विकत देताना तो म्हणाला, "गुरुजी, ही बाहेरून बांधा. ऊन घरात घेऊन मंग त्याले अडवता काय?" भौतिकशास्त्राचा सारा धडा त्या एका वाक्यात होता. काचेतून आत शिरलेली उष्णता आतल्या पडद्याला तापवते आणि खोलीतच राहते. बाहेरची चिक तिला उंबऱ्यावरच रोखते.

या चिकेचा बांबूही आमच्या रानाचा मोठा मानकरी. शास्त्र त्याला गवत म्हणते. १९२७ च्या वन कायद्याने मात्र त्याला झाडात धरले, आणि रानाकाठच्या माणसाला आपल्याच दारच्या गवतासाठी परवाना मागावा लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला, आणि २०११ साली शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. ज्याचे रान, त्याचा शब्द! घरातही मी हाच न्याय मानतो. जो खिडकीशी बसतो, त्याचा शब्द शेवटचा.

चिकेची आणखी एक गंमत आहे. दिवसा आत अंधार आणि बाहेर उजेड असतो, म्हणून आतल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतले काही दिसत नाही. रात्री दिवा लागला की सारे उलटे होते. हे ध्यानात येताच सौभाग्यवती म्हणाल्या, "आत्याबाई, रात्रीपुरता एक कापडी पडदा लावू या." आई हसली. म्हणाली, "कशाले वो सूनबाई? दिवसा मी लोकायले पायते, रात्री लोकं मले पायतीन. म्हातारी अजून आहे, एवढं तं समजंल त्यायले."

त्या खिडकीचे माप मी अजून शिंप्याला दिलेले नाही.