गलबताचं वाणसामान

शिडाच्या गलबताला लागणारं सगळं सामान एकाच छपराखाली मिळतं, असं दुकान कोकण किनाऱ्यावर नव्हतंच. विलायतेत तसली दुकानं बंदराच्या तोंडाशीच असतात. दोरापासून दिव्यापर्यंत सगळं एका गल्ल्यावर. आपल्याकडे तांडेलाचं दुकान गावभर पसरलेलं. दोर एकाकडे, तेल दुसऱ्याकडे, खिळे लोहाराकडे, डोलकाठी रानात. नारळी पौर्णिमा जवळ आली, झापांखाली शाकारलेलं गलबत उघडं झालं, की त्याची फिरती सुरू व्हायची. यादी डोक्यात. गावात मिळालं नाही ते मुंबईहून.

त्या यादीतलं जे आता मागूनही मिळत नाही, किंवा ज्याला मागणाराच उरला नाही, त्याची ही नोंद. क्रम लावलेला नाही.

काथ्याचा दोर. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात काही महिने कुजवायची, मग बडवायची, तंतू मोकळे करून वळायचे. काम बहुतेक बायकांचं, मोबदला तुटपुंजा, आणि वास असा की खाडीकडची खिडकी उघडायची सोय नाही. दोर मात्र समुद्राच्या स्वभावाला जुळलेला. खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, पाण्यावर तरंगतो, झटका बसला तर ताण घेतो. हाताची सालं काढतो, हेही खरं. त्याला मोडीत काढणारा दोर पुढे समुद्र नसलेल्या घाटावरूनच आला. गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी 1976 सालची. कारखाने चिंचवडला आणि वाईला. नायलॉन त्याआधीच आलेलं होतं, पण यानंतर ते घरचं झालं. कुजत नाही, हलकं, ताकदीला कितीतरी भारी. दर्यावर्द्यांचं त्यानं भलंच केलं, त्यावर उसासे टाकण्यात अर्थ नाही. तक्रार एकच: हा दोर गुळगुळीत. काथ्यावर घट्ट बसणारी जुनी गाठ त्याच्यावर सरकते. दोर बदलला तशा गाठीही बदलाव्या लागल्या, आणि जुन्या गाठी कुणी कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या.

वाव. दोन्ही हात फैलावून होतं ते माप. दोर वावावर घ्यायचा, पाण्याची खोली वावात सांगायची. दोर आता किलोवर मिळतो.

शिडाचं कापड. जाडं सुती, दोसूती. पट्टे उभे जोडून, वाळूत पसरून, तांडेल नाहीतर गावातला एखादा जाणता ते कापायचा. शीड सपाट कापून चालत नाही. वाऱ्यानं त्याला पोट सुटलं पाहिजे, म्हणून पट्ट्यांच्या कडांना किंचित गोलाई ठेवून ते जोडायचे. गोलाई जास्त झाली तर गलबत वाऱ्याकडे चढत नाही, कमी झाली तर रेटा मिळत नाही. हे गणित कागदावर नव्हतं, कापणाऱ्याच्या गुडघ्याखालच्या वाळूत होतं. मोठ्या गलबतावर एका शिडावर भागायचं नाही. वारा वाढला की मोठं उतरवून लहान चढवायचं. म्हणजे कापडही दुप्पट. आज सुती कॅनव्हास मागितला तर मिळतो, पण तो तंबू-ताडपत्रीच्या हिशेबानं विणलेला असतो, आणि ताडपत्रीसुद्धा आता बहुतेक प्लास्टिकचीच.

दाभण आणि तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा. दाभण अजून मिळते, पोती शिवायला. पट्टा नाही.

ऐनाची साल. सालीचा दाट काढा करून सुताची जाळी आणि शिडं त्यात बुडवायची. सालीतल्या टॅनिनमुळे सुताला बुरशी धरत नाही, कापड विटकरी होतं. दर हंगामात हे करावंच लागे. सूत गेलं आणि त्याच्याबरोबर सालही यादीतून गेली. ऐन रानात आहेच.

कप्पी. कातारी करायचा, कठीण लाकडाची. चाकाला चरबी नाहीतर साबण चोळला की कुरकुर थांबायची. तडकली तर त्याच गावात दुसरी मिळायची, हे तिचं खरं मोल. प्लास्टिकची आणि स्टीलची कप्पी सहसा तडकत नाही, पण तडकली की थेट भंगारात.

डोलकाठी आणि परबाण. किनाऱ्यावरच्या लोकांना डोलकाठीसाठी पुन्नागाचा सोट हवा असे. उंच, सरळ, बराच वरपर्यंत फांदी नसलेलं खोड. कानडा-मलबारच्या जंगलातून यायचं. इंग्रजांनाही त्याची चांगलीच माहिती होती, त्यांच्या जहाजांच्या काठ्यांसाठी ते ‘पून’ म्हणून विकत घेत. परबाण म्हणजे शीड जिला लटकतं ती तिरपी काठी. ती लांब हवी, म्हणून दोन-तीन तुकडे एकमेकांवर चढवून दोरानं आवळायचे. आता मच्छीमार बोटीवर उभी दिसते ती लोखंडी नळी. वर एरियल आणि दिवा. शीड तिला माहीत नाही.

वाकडं लाकूड. हे मला या यादीतलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. गलबताच्या पोटातल्या आडव्या बाकदार फासळ्या सरळ फळीतून कापल्या तर रेषा तुटतात आणि फासळी तिथंच मोडते. म्हणून जन्मतःच वाकलेली फांदी लागते. मेस्त्री रानातून, बांधांवरून फिरायचा, तो झाड नाही, त्याचं वळण बघायचा. अमुक आंब्याच्या मागची बाभूळ पुढल्या वर्षी तयार होईल, हे त्याच्या मनात नोंदलेलं. वखारीत सगळं लाकूड सरळ असतं. वाकडं जळणात जातं. फायबरच्या बोटीला फासळीसाठी झाड लागत नाही, साचा लागतो. साच्याला कुणाचा बांध बघायची गरज नाही.

सागवानाबद्दल वेगळं काय लिहायचं? मुंबई गोदीत वाडियांनी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली. ती इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. साग मिळतो. परवडत नाही.

चौकोनी खिळे. लोहार ठोकायचा, लांबी मेस्त्री सांगेल ती. आरपार गेला की टोक वळवून परत लाकडात बसवायचं. तारेचा गोल खिळा ही पकड देत नाही.

कापूस, राळ, चंद्रूस. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, वरून राळ. ठोकण्याच्या आवाजावरून फट भरली की नाही ते कळतं, म्हणे. आता दुकानात रेझिन असतं, डब्यातलं, आणि काचतंतूची मॅट. पूजेच्या सामानाच्या दुकानात राळ मागा, धुपासाठी मिळेल, पुडीत.

उंडेल. किनाऱ्यावर उंडीची झाडं अजून आहेत. फळांतल्या गरापासून कडू, हिरवट तेल निघायचं. दिव्याला आणि लाकडाला. घाणी बंद पडल्या. फळं झाडाखाली पडून राहतात.

मुशीचं तेल. शार्कच्या यकृताचं. लाकडाला चोपडायचं. दुसऱ्या महायुद्धात विलायतेहून कॉडचं तेल यायचं बंद झालं, तेव्हा हेच तेल औषध म्हणूनही काढावं लागलं. गुजरातच्या किनाऱ्यावर बोटींच्या तेलासाठी व्हेल शार्क मारत. त्याला 2001 साली वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. ही वस्तू यादीतून गेली ते बरंच झालं.

चुना आणि चरबी. एकत्र कालवून गलबताच्या पाण्याखालच्या अंगाला थापायची, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा लागत नाही. जुन्या गलबतांचं पोट पांढरं असायचं ते यामुळे. थर झडला की ओहोटीला गलबत आडवं करून पुन्हा थापायचा. आता डब्यातला रंग, त्यात तांबं. काम तेच, विष जास्त.

दगडी नांगर. तो बाजारात कधी नव्हताच, पाथरवटाकडे असायचा. भोकं पाडलेला दगड; भोकांत लाकडी दात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना सिंधुदुर्गाच्या आसपास असे नांगर समुद्रतळाशी मिळाले. त्यानंतर लोखंडी, चार फाळांचा. तो अजून आहे, सळ्या वाकवून वेल्डिंगवाला करतो.

खोली मोजायचं शिसं. तळाच्या खळग्यात चरबी भरून सोडायचं; वर आलं की चरबीला चिकटलेली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा बघायचा आणि आपण कुठे आहोत ते ओळखायचं. आता पडद्यावर आकडा येतो. आकडा अचूक असतो. तळाशी काय आहे ते पूर्वी बोटांना कळायचं.

लाल-हिरव्या काचांचे घासलेटचे दिवे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. लाकडी पीप, गोड्या पाण्याचं. त्याची जागा रसायनांच्या कारखान्यांतून आलेल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमनं घेतली. आणि चूल: वाळू भरलेल्या लाकडी खोक्यात मांडलेली, लाटेवर कलंडू नये अशी.

आता मुंबई.

दारूखाना. रे रोड स्टेशनाच्या पलीकडे, माझगावच्या बाजूचा किनारा. इथं जहाजं तोडत. तोडलेल्या जहाजातून निघतं ते सगळं गलबतवाल्याच्या कामाचं: साखळ्या, जाड दोर, पितळी दिवे, जाकिटं, सागवानी दरवाजे, काचेच्या गोल खिडक्या. समुद्रावर वापरून पारखलेलं सामान, तेही वजनावर. नवं घेण्याची ऐपत नसलेल्यांचं दुकान हेच. हौशी बोटवाल्यांनाही तिथल्या ढिगाऱ्यांत चांगली वस्तू हाती लागायची, पण बघायची नजर आणि घासाघीस करायची चिकाटी दोन्ही हवी. 1983 साली गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं तोडायला सुरुवात झाली. तिथं भरतीचं पाणी खूप चढतं, मोठं जहाज आपल्या पायांनी वर येऊन बसतं. मोठी जहाजं तिकडे वळली. मुंबईतलं पितळ चोरबाजारात गेलं आणि तिथून हॉटेलांच्या भिंतींवर. ज्या दिव्यानं कधीकाळी वादळात गलबत ओळखू यायचं, तो आता बिअरच्या ग्लासांवर उजेड पाडतो.

नागदेवी. इथं साखळी, वायररोप, पकडी, आकडे, सगळं आहे. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, किती वजन उचलायचंय. क्रेनचं गिऱ्हाईक रोजचं, म्हणून. खाऱ्या पाण्यात चालेल का, हे गिऱ्हाइकानंच विचारायचं.

भाऊचा धक्का, ससून डॉक, आणि कोकणात मिरकरवाडा, हर्णै. इथली दुकानं जोरात आहेत. नायलॉन, तरंगणारे गोळे, डिझेल इंजिनाचे भाग, जीपीएस. वाईट वाटून घेण्यासारखं इथं काही नाही. फक्त यातलं काहीही वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीचं नाही.

शिडाची गलबतं का गेली याची कारणं साधी आहेत. मंगळुरी कौलं, विटा, लाकूडफाटा हा त्यांचा माल. घरांवर स्लॅब आली, माल ट्रकमधून जाऊ लागला, राहिलेल्या बोटींत इंजिन बसलं. पण गलबतं दिसेनाशी व्हायच्या बऱ्याच आधी त्यांचं सामान विकणारे गेले. काथ्या वळणारीनं आधी हात आखडला, मग कातारी पंख्याच्या दुकानात बसला. शेवटच्या तांडेलांना इंजिन नको होतं असं नाही, पण त्यांच्यातल्या काहींना शीड ठेवायचं असतं तरी ठेवता आलं नसतं. कापडच मिळेना.

आज शिडाची बोट पाळणारे मुंबई, गोवा, कोची, चेन्नई इथं आहेत. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846चा, म्हणजे हौस जुनी आहे. त्यांची खरेदी मात्र किनाऱ्यावर होत नाही. पॉलिएस्टरचं शीड, कप्प्या, स्टीलची कडी युरोपातून मागवायची, जकात भरायची, नाहीतर परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेत टाकून आणायची. बोट बांधणारे हात आपल्याकडे नाहीत असं नाही. दिलीप दोंदे 2009-10मध्ये ज्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडीला बांधलेली.

‘कौंडिण्य’ ही नौकाही गोव्यातच झाली. जुन्या पद्धतीची, खिळा न मारता फळ्या काथ्यानं शिवलेली. 2025च्या मे महिन्यात कारवारला ती नौदलात दाखल झाली. शिवणारे कारागीर केरळातले, बाबू शंकरन यांच्या हाताखालचे. काथ्या, नारळाचा तंतू, राळ. वरची अर्धी यादी तिच्यासाठी पुन्हा जमवावी लागली, तीही सरकारनं मनावर घेतलं म्हणून. तिच्यावर एक दगडी नांगरही आहे, शोभेचा.

देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला, हर्णै, श्रीवर्धन, कुठंही तुमच्या घराच्या माळ्यावर जुनी कप्पी, शिसं, काचेचा दिवा पडलेला असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एक काम करा. कोणत्या लाकडाची, कुणी केली, कुठून आणली, तिच्यातून किती वाव दोर जायचा, हे एका कागदावर लिहा. वस्तू जाते तर जाऊ द्या, कागद ठेवा. आणि घरात सत्तरीपुढचा तांडेल असेल तर माळ्यावर चढण्याआधी त्यालाच विचारून घ्या.