एकच भारंगी

लहानपणी भारंगी मला फक्त शिजलेली ठाऊक होती. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले, की कर्जत स्टेशनाबाहेर ठाकरणी रानभाज्यांचे वाटे मांडून बसत. शेवळं, टाकळा, कुर्डू आणि भारंगी. आई कोवळी पानं निवडायची, उकडायची, कडू पाणी ओतून घट्ट पिळायची आणि कांदा-लसणाच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतायची. इतकं करूनही थोडा कडवटपणा जिभेवर राहायचाच. "पावसाळ्यात छाती भरत नाही," असं म्हणून आई वाढायची आणि आम्ही तोंड वाकडं करून गिळायचो.

कॉलेजात असताना भिवपुरीहून गारबट पठाराकडे चढायचो. ऑगस्टच्या गवतातून कमरेएवढ्या काठ्या वर आलेल्या असत आणि प्रत्येकीच्या शेंड्याला निळा तुरा. फुलाला पाच पाकळ्या. चार फिकट, जवळजवळ पांढऱ्या. पाचवी, खालची, गडद जांभळट निळी. पुंकेसर लांब, कमानीसारखे वाकून बाहेर आलेले. नाव कुणालाच येत नव्हतं, म्हणून आम्ही तिला 'निळी' म्हणू लागलो. दर श्रावणात 'निळी' बघायला जायचं आणि घरी येऊन भारंगी खायची, असं कितीतरी वर्षं चाललं.

 कर्जत-खालापुरात डोंगराच्या कुशीत जागोजागी ठाकरांच्या वाड्या, ठाकुरवाड्या, आहेत. अशाच एका वाडीतल्या मावशी आईच्या वेळेपासून आमच्या घरी भाजी देत आल्या आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर एकदा त्यांच्याबरोबर वाडीवरच्या उतारावर गेले. समोर 'निळी' फुलली होती. मी नाव विचारलं, तर मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं बाय, इतकी वर्सं खातेस ना? भारंगीच की ही!"

मग त्यांनी माझा हात धरून खोडावर ठेवला. बोटांना चार बोथट कडा लागल्या. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते. एका पेरावर कुठे दोन पानं, कुठे तीन. फूल त्यांनी दाखवलंच नाही. फुलावरून काय, कुणीही ओळखेल! चूक माझ्या ध्यानात आली. जी खुडली जाते ती फुलत नाही आणि जी फुलते ती बाजारात येत नाही. माझी दोघींशी वेगवेगळी ओळख झाली होती. मावशी शेंडे तेवढे खुडतात, काही काठ्या मुद्दाम सोडतात. फुलांचीही भाजी होते आणि पुढे काळी-जांभळी फळं धरली, तर बी पडतं.

घरी येऊन पुस्तकं उघडली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ साली हिला 'सेराटा', म्हणजे दातेरी, म्हटलं होतं. त्याचीही नजर पानाच्या कडेवरच गेली होती. पुढे वंश बदलत गेला. १९९८ साली स्टीन आणि मॅबर्ली यांनी तिला 'रोथेका' वंशात नेलं. आडनाव बदललं, 'सेराटा' तेवढं टिकलं.

आता ती घरी हवीच, असं मनानं घेतलं. एका रोपवाटिकेतून 'भारंगी' आणली. फुलं निळी, एक पाकळी गडद, मी खूश. पण पानं लहान, फुलं विरळ आणि झाड बाराही महिने हिरवं. ती निघाली आफ्रिकेतली तिची बहीण, शोभेसाठी विकली जाणारी. खोड चाचपून पाहायचं मी विसरले होते.

मग मावशींनी कोंब असलेला मुळाचा तुकडा दिला. मोठी कुंडी, लाल माती, पालापाचोळा. श्रावणात चार पानं आली, फेब्रुवारीत काठी वाळली. मी घाबरून पाणी वाढवलं आणि मूळ कुजलं. दुसरा तुकडा देताना मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिला उठवू नको. वणव्यातनंबी ती वर येते." खरंच, उतारावरचं गवत जळून काळं झालं, तरी पहिल्या पावसात भारंगीचे कोंब फुटतात. वरचं खोड वर्षाचं, मूळ मात्र कैक वर्षांचं. औषधवाल्यांना हवं असतं तेही हेच, भारंगमूळ. पण मूळ खणलं, की पुढच्या जूनचा वाटाही गेला.

यंदा मे महिन्यात एक पाहुणे गच्चीत आले. कुंडीत तडकलेली माती आणि एक वाळकी काडी.

"ही रिकामी कुंडी कशाला ठेवलीय?"

"भारंगी आहे," मी म्हटलं.

ते वाकून शोधू लागले. "कुठे?"

"खाली."