चिऱ्याची इगर्ज

आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे चिरे आणायचे. विटा मी पहिल्यांदा बघितल्या त्या घाटावर, नातलगाच्या लग्नाला गेलो तेव्हा. सिंधुदुर्गात जमीन खणली की खाली जांभा दगड लागतो, त्याचेच चौकोनी चिरे काढतात. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, त्याला वारा आणि ऊन लागलं की कडक होतो. पूर्वी गडी टिकाव-पहारीनं एकेक चिरा सोडवायचे, आता करवतीसारखी चाकं फिरवणारं मशीन दिवसात ढीग लावतं. पण कडक झाला तरी चिऱ्याला भोकं असतातच. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी चिरा कधी हातात घेतला नसेल तर स्पंज डोळ्यांसमोर आणावा. पाणी पितो म्हणजे पितोच.

म्हणून आमच्या जुन्या लोकांनी चिऱ्याला उघडा ठेवला नाही. शिंपल्या भाजून केलेला चुना, त्यात वाळू, काहीजण गुळाचं पाणीही घालीत, असा गिलावा करायचे. ज्याची ऐपत नाही तो मातीनं सारवायचा. बापूस दर चवथीआधी भिंतींना चुन्याचा हात मारायचा, आणि मिरगाआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचं झडप बांधायचा. आमचा पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो.

ओरोसला जिल्ह्याची कचेरी झाली, गावाची सिंधुदुर्गनगरी झाली, पुढे कोकण रेल्वेचं स्टेशनही इथेच आलं. माझा मुलगा तिथे कामाला जातो, आणि दोन वर्षांपासून त्याच्या डोक्यात आमच्या जुन्या घरात पर्यटक ठेवायचं आहे. मालवणला जाणाऱ्यांची गर्दी मीही बघतो, त्याचं काही चुकत नाही. पण त्याला घराचा सगळा गिलावा खरवडून काढायचा होता. म्हणाला, "बाबा, पावण्यांका जुन्या घराची मजा होयी. चुनो काढलो की भिंत कशी लालबुंद दिसतली." वर कसलंतरी केमिकल मारायचं म्हणे, म्हणजे पाणी आत जात नाही. मी म्हटलं, "पावणो चार दिवस रवतलो रे, भिंतीक जलमभर रवाचा आसा." त्यावर तो गप्प बसला, पण गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे. मिस्त्रीशी त्याचं बोलणं चालूच होतं.

हे असं चाललेलं असताना दिवाळीनंतर मी गाडीत बसून लेकीकडे गेलो. तिचं घर करमळी स्टेशनजवळ आहे, तिथून जुनं गोवं चालण्याच्या वाटेवर. शेतकऱ्याला पहाटे झोप येत नाही, म्हणून रोज फिरायला जायचो. नातू बरोबर. पहिल्याच दिवशी तो बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, ती बघा विटांची इगर्ज!"

ती बॉम जेझुस. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव जिथे ठेवलंय ती. लांबून खरंच विटांची वाटते, लाल आणि उघडी. जवळ गेल्यावर कळलं की हा तर आपलाच चिरा. तोंडाकडचं कोरीव काम तेवढं काळ्या दगडाचं, तो वसईहून आणलेला. 1594 मध्ये पाया घातला, 1605 मध्ये पुरी झाली. आणि रस्त्याच्या पलीकडे से कॅथेड्रल, दुधासारखं पांढरंशुभ्र. एकाच गावातल्या दोन इगर्जी, एक अंगभर नेसलेली आणि एक उघडी, हे बघून मला राहवेना. घरी आल्यावर जावयांना विचारलं. ते भूगोल शिकवतात.

त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्कच झालो. ही इगर्जसुद्धा साडेतीनशे वर्षं गिलाव्यातच होती. 1950च्या सुमारास पोर्तुगीज सरकारच्या एका वास्तुतज्ज्ञानं तो काढायला लावला. कारण काय, तर इमारत जुनी दिसावी! तेव्हापासून सत्तरेक पावसाळे ती उघड्या अंगानं सोसतेय. 2020 साली तिथल्या फादरांनी पुन्हा गिलावा करा म्हणून जाहीर मागणी केली, तर लोकांत दोन तट पडले. लाल रंगाची एवढी सवय झालीय, पोस्टकार्डावर, कॅलेंडरवर तीच लाल, की पांढरी इगर्ज ही आपली इगर्ज वाटणार नाही असं काहींचं म्हणणं. म्हणजे माझ्या घरात जो वाद चाललाय तोच.

जावई आणखी एक बोलले. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात, ते नाव बुकानन नावाच्या साहेबानं 1807 मध्ये केरळातला दगड बघून दिलं, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचं मूळ वीट असं आहे. तिथले लोक तो विटेसारखा कापून बांधत म्हणून. नातवाला आम्ही हसलो होतो, पण तो साहेबाच्याच बरोबरीचा निघाला.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइल घेऊन जाऊ लागलो. लोक सगळी इगर्ज मावेल असे लांब उभे राहतात, मी भिंतीला चिकटून फोटू काढत होतो. खालच्या थरातले चिरे, त्यांच्या झिजलेल्या कडा, भोकाभोकांतलं सुकलेलं शेवाळ. एका ठिकाणी बोट फिरवलं तर लाल पूड हाताला आली, त्या बोटाचाही फोटू काढला. रखवालदार जरा बघत राहिला, मग म्हातारा बघून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी टेकडीवर सेंट ऑगस्टीनला गेलो. तिथे आता नुसता एक मनोरा उभा आहे, 46 मीटरचा, तोही चिऱ्याचाच. 1835 मध्ये सरकारनं पाद्री लोकांना घालवलं, इगर्ज ओस पडली आणि सातच वर्षांत वरची कमान कोसळली. दर्शनी भाग पडला 1931 मध्ये. दगडाला माणसाचा हात लागला नाही की तो किती दिवस थांबतो, ते तिथे आकड्यांत मांडलेलं आहे. आमच्या वाडीतली कुलूपबंद मुंबईकरांची घरं मला तिथे आठवली. त्यांची नळे सरकली की दोन पावसाळ्यांत खळ्यात आंब्याएवढं रान उभं राहतं.

परत आलो ते फोटू मुलाला दाखवले. उपदेश केला नाही, त्याचा उपयोग नसतो. त्यानं दोन बोटांनी फोटू मोठे करून बघितले. लाल बोटाच्या फोटूवर जरा थांबला. मग म्हणाला, "ह्या मात्र आपल्या पडवेसारख्याच दिसता."

शेवटी असं ठरलं की पावसाचा थेंब जिथे पोचत नाही ती माजघराची एकच आतली भिंत उघडी करायची, पाहुण्यांना फोटू काढायला तेवढी पुरे. बाहेरच्या भिंतींना हात लावायचा नाही. उलट पश्चिमेचा गिलावा जिथे फुगलाय तिथे नवा चुन्याचा करायचा. मिस्त्री म्हणाला, सिमेंट मारू, दोन दिवसांत काम. पण सिमेंटखाली अडकलेली ओल चिऱ्याला आतून खाते, चुना तिला बाहेर सोडतो. हे मुलानं त्याला सांगितलं, मी नाही.

आता अडचण चुन्याची. शिंपल्यांची भट्टी लावणारं आसपास कोणी उरलेलं नाही, पिशवीतला चुना मिळतो पण तो मुरवायचा कसा हे मिस्त्रीला ठाऊक नाही. शेजारच्या गावात एक म्हातारे गवंडी आहेत, वय ऐंशीच्या घरात. मुलगा परवा त्यांना भेटून आला. ते स्वतः येणार नाहीत, गुडघे गेलेत, पण खळ्यात खुर्ची टाकून दिली तर बसून सांगेन म्हणालेत. खड्डा मात्र पंधरा दिवस आधी खणून ठेवा, आणि गूळ काळा आणा.