हिंवाळे आणि पावसाळे

"चार पावसाळे अधिक पाहिले आहेत," असें म्हणून आमच्या मातोश्री वाद मिटवीत. जुना इंग्रज मात्र वय हिंवाळ्यांनीं मोजी. त्याच्या लेखीं 'विंटर' म्हणजे वर्षच. आमच्या वैदिक ऋषींनींही शंभर 'हिमा' मागितल्या. त्याच हिमापासून आमचा हिंवाळा झाला. 'विंटर'चें मूळ मात्र कित्येक पंडित पाण्याच्या धातूंत शोधतात. म्हणजे तो ओला ऋतु, थेट आमचा पावसाळाच! गेल्या पौषांत खडकीच्या युद्ध-दफनभूमींत आम्ही ही गंमत धाकट्या मुलास सांगत होतों. दुसऱ्या महायुद्धांतील थडग्यांवरचीं वयें वाचतां वाचतां एका 21 च्या आंकड्यापाशीं तो थबकला. त्याचेंही वय तेंच. पुढील महिन्यांत त्यास सैन्यांत रुजू व्हावयाचें होतें. उरलेली व्युत्पत्ति आमच्या ओठांतच राहिली.